संगीतावरच्या फिल्म वर्गात दाखवायच्यात? आधी स्पीकर बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की शाळेला नवा प्रोजेक्टर मिळालाय, मराठी माध्यम, पाचवी ते नववी, आठवड्याला 35 मिनिटांची एक संगीताची तासिका, आणि तुम्हाला मुलांना जगभरचं, वेगवेगळ्या काळातलं, सगळ्या प्रकारचं संगीत फिल्ममधून दाखवायचंय, तर कुठल्या फिल्म घेऊ, इंग्रजीचं काय करू आणि शेवटी परीक्षा घ्यायची का. फिल्मची नावं देतो, पण नुसती यादी दिली तर तुमचं वर्ष वाया जाईल असं मला मनापासून वाटतं, कारण मी पहिली दोनतीन वर्षं यादीच घेऊन शाळाशाळांतून फिरलोय. आता या कामाला 26 वर्षं झाली, त्यातून जे उरलं ते लिहितो.

पहिली गोष्ट स्पीकर. प्रोजेक्टर मिळाला की सगळे पडद्याकडे बघतात, पडदा पांढरा आहे का, खिडक्यांना पडदे आहेत का, आणि आवाज मात्र लॅपटॉपच्या दोन टिकलीएवढ्या स्पीकरमधून, नाहीतर पंधरा ऑगस्टच्या भाषणाला वापरतात त्या कर्ण्यातून. त्यातून खालचे सूर येतच नाहीत हो. तबल्याचा डग्गा गायब होतो, तानपुऱ्याचा खर्ज गायब होतो, डबल बास नावाचं माणसाएवढं वाद्य पडद्यावर दिसतं आणि त्याचा आवाज ऐकू येतो माशी गुणगुणल्यासारखा. मुलं मग बघतात फक्त. त्यामुळे पैसे थोडे असतील तर प्रोजेक्टरपेक्षा स्पीकरवर घाला, दोन बऱ्यापैकी मोठे स्पीकर, वर्गाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, मुलांच्या कानाच्या उंचीवर. गावात कुणाकडे तरी घरगुती म्युझिक सिस्टिम धूळ खात पडलेली असतेच, पालकसभेत विचारा, मला दोन शाळांत अशीच मिळाली. तपासायचं कसं तर तबल्याची एखादी क्लिप लावा आणि डग्ग्याची घुमारी शेवटच्या बाकावर ऐकू येते का ते स्वतः तिथे बसून ऐका. नाही आली तर त्या दिवशी फिल्म दाखवू नका, पेटी काढा आणि नेहमीसारखं शिकवा.

दुसरी गोष्ट म्हणजे फिल्म निवडायची कशी. माझी कसोटी एकच आहे. फिल्ममध्ये कुठेतरी सलग दोन मिनिटं कुणीही न बोलता संगीत चालू राहतं का? संगीतावरच्या कितीतरी फिल्ममध्ये गाणारा आलाप सुरू करतो, दहा सेकंदात आवाज खाली जातो आणि वरून निवेदक सांगायला लागतो की हे फार महान गायक होते, मग फोटो, मग कुणीतरी खुर्चीत बसलेला माणूस आठवण सांगतो. अशा फिल्ममधून मुलांना माणूस कळतो, त्याचे पुरस्कार कळतात, पण गाणं कळत नाही. चरित्र वाईट असं मी म्हणत नाहीये, पण तुमच्याकडे 35 मिनिटं आहेत, त्यातली पाच हजेरीत आणि वायर जोडण्यात जाणार, तेव्हा जी फिल्म संगीताला बोलू देते तीच घ्या. आणि अख्खी फिल्म कधीच दाखवू नका, आठ ते दहा मिनिटांचा तुकडा घ्या. मी एकदा नववीला जवळजवळ दोन तासांची डॉक्युमेंटरी सलग दाखवली होती, फिल्म उत्तम होती, मुलं गुणी होती, पण नंतर विचारलं तर कुणालाच एकही सूर आठवत नव्हता, एकाला फक्त त्यातली रेल्वे आठवत होती. तेव्हापासून तुकडाच, आणि तोही दोनदा. पहिल्यांदा प्रोजेक्टरच्या तोंडावर पुठ्ठा धरून, म्हणजे नुसता आवाज. मुलांनी सांगायचं किती वाद्यं आहेत, किती माणसं असतील, घरात वाजतंय की उघड्यावर, वाजवणारा फुंकतोय की घासतोय की मारतोय. मग पुठ्ठा काढायचा. काय आनंद होतो मुलांना, आपला अंदाज बरोबर निघाला की बाकावर उभी राहतात आणि चुकला तर आणखी लक्ष देऊन बघतात.

याच पद्धतीतून एक गोष्ट मला एका सातवीतल्या मुलाने शिकवली. त्याचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एका फिल्ममध्ये तबलावादकाच्या हातांचा छान जवळून घेतलेला शॉट होता, आणि हा मुलगा उठून म्हणाला, सर, हात वेगळं वाजवतायत, आवाज वेगळा आहे. मी मागे नेऊन परत लावलं, आणि खरंच, आवाज एका ठिकाणचा आणि हात दुसऱ्याच ठिकाणचे जोडले होते. मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा वर्गात नेण्याआधी फक्त हात आणि ओठ बघत एकदा तपासतो. एडिटिंग करणाऱ्याला चित्र सुंदर हवं असतं, आवाज आधीच कापून ठेवलेला असतो, त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो, पण वाद्य शिकणाऱ्या मुलासाठी तो हात म्हणजेच धडा असतो. आता मी मुद्दाम मुलांनाच हे काम देतो, हात आणि आवाज जुळतात का ते शोधा. याला जोडून प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' नक्की दाखवा, त्यात विष्णुपंत पागनीस स्वतः गायलेत, आणि लगेच नंतर मुलांच्या आवडीचं कुठलंही आजचं सिनेमातलं गाणं लावा, ज्यात ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा. प्लेबॅक म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही मग.

आता फिल्म. सुरुवात मी नेहमी 1946 च्या 'इन्स्ट्रुमेंट्स ऑफ द ऑर्केस्ट्रा' पासून करतो. ब्रिटनच्या शिक्षण खात्याने शाळांसाठीच करून घेतलेली फिल्म आहे, संगीत बेंजामिन ब्रिटन यांचं, दिग्दर्शक म्युर मॅथिसन, आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं संचालन करत करत माल्कम सार्जंट स्वतः कॅमेऱ्याशी बोलतात. बेंजामिन ब्रिटननी हेन्री पर्सेल या जुन्या संगीतकाराची 1695 ची एक चाल घेतलीय, ती आधी सगळे मिळून वाजवतात, मग लाकडी फुंकवाद्यं, मग पितळी, मग तारांची, मग आघाताची, आणि मग एकेक वाद्य सुटं सुटं समोर येतं. तीच चाल प्रत्येकाच्या अंगाने वेगळी होत जाते. पण खरी मजा शेवटी आहे. शेवटी पिकोलो नावाची इवलीशी बासरी एक नवीन भरभर पळणारी चाल सुरू करते, मग तीच चाल घेऊन मोठी बासरी आत येते, मग ओबो, मग क्लॅरिनेट, असं करत ज्या क्रमाने ओळख झाली त्याच क्रमाने सगळे एकामागून एक आत येतात, आणि त्या सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून पितळी वाद्यं पर्सेलची पहिली चाल परत घेऊन येतात. मी मुलांना एकेक वाद्य वाटून देतो आणि आपलं वाद्य आत आलं की उभं राहायचं असं सांगतो. शेवटी अख्खा वर्ग उभा असतो. सिंफनी, फ्यूग असले शब्द मी तोपर्यंत उच्चारतसुद्धा नाही. फिल्म काळीपांढरी आहे, इंग्रजी जुन्या पद्धतीचं आहे, पण ते कळायची गरजच पडत नाही कारण जे सांगितलंय ते लगेच वाजवून दाखवलंय.

पाचवी सहावीसाठी डिस्नेची 1953 ची 'टूट, व्हिसल, प्लंक अँड बूम' घ्या, दहा मिनिटांचं कार्टून आहे, त्याला ऑस्कर मिळालंय. एक घुबड मास्तर पक्ष्यांच्या वर्गाला सांगतो की सगळी वाद्यं चार आवाजांतून आली, पितळी तुतारीचा टूट, शिट्टीचा व्हिसल, तारेचा प्लंक आणि ढोलाचा बूम. मुलं हसून लोळतात. पण इथे तुम्ही थांबून फळ्यावर आपले चार वर्ग लिहा, भरताच्या नाट्यशास्त्रातले, तत, सुषिर, अवनद्ध, घन. आणि मुलांनाच विचारा की डिस्नेचे चार आणि आपले चार जुळतात का. जुळत नाहीत, आणि कुठे जुळत नाहीत ते बघण्यासारखं आहे. तार ती तार, तिथे प्रश्न नाही. पण डिस्नेने आपल्या एका सुषिराचे दोन केलेत, पितळी वेगळं आणि लाकडी वेगळं, आणि आपल्याकडे कातड्याचा ढोल आणि धातूचा टाळ हे दोन वर्ग आहेत ते त्याने एका बूममध्ये कोंबलेत. का बरं? कारण तो ऑर्केस्ट्राच्या बैठकीप्रमाणे विभागणी करतोय आणि भरत नाद कशातून निघतो त्याप्रमाणे. 1914 मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी जगभरच्या वाद्यांची जी वर्गवारी केली, जी आजही संग्रहालयांत वापरतात, तिचे मूळ चार वर्ग आपल्या या चारांच्या फार जवळचे आहेत. सहावीतल्या मुलांना हा वाद घालता येतो, मी घालताना ऐकलंय, झांज कुठल्या वर्गात आणि शंख कुठल्या यावर मधल्या सुट्टीपर्यंत भांडत होती. एक मात्र सांगून ठेवा, त्या कार्टूनमध्ये गुहेतल्या माणसापासून पायऱ्या चढत चढत शेवटी ऑर्केस्ट्रा येतो, जणू सगळ्या जगाच्या संगीताला तिथेच पोचायचं होतं. तसं नाहीये. तारपा वाजवणारा वारली माणूस कुठल्या जिन्यावर अर्ध्यात राहिलेला नाही, त्याचं वाद्य त्याच्या नाचासाठी पूर्ण आहे. हे मुलांना त्याच तासाला सांगा, नंतर राहून जातं.

शिकवायचं कसं हे तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर लिओनार्ड बर्नस्टाइन या अमेरिकन ऑर्केस्ट्रा-संचालकाचे 'यंग पीपल्स कॉन्सर्ट्स' बघा. 1958 ते 1972 या काळात अमेरिकेच्या टीव्हीवर त्यांचे 53 भाग झाले, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा समोर बसलेला, सभागृह मुलांनी भरलेलं आणि हा माणूस पियानोवर बसून, गाऊन, उभं राहून समजावतोय. पहिल्या भागाचा विषय होता संगीताचा अर्थ काय. त्यात ते रिचर्ड स्ट्राउस यांच्या 'डॉन किहोते' मधले तुकडे घेऊन आधी एक सुपरमॅनची गोष्ट सांगतात, तुरुंग, सुटका, सगळं, आणि संगीत त्या गोष्टीला चपखल बसतं. मग सांगतात की संगीतकाराच्या मनात ही गोष्ट नव्हतीच, त्याची गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगून तेच संगीत परत वाजवतात आणि तेही चपखल बसतं. म्हणजे गोष्ट बाहेरून चिकटवलेली आहे, सूर स्वतःच्या जोरावर उभे आहेत. मी हे मुलांना इंग्रजीत दाखवत नाही, मी त्यांची युक्ती उचलतो. सनईचा किंवा सारंगीचा तीन मिनिटांचा तुकडा लावतो, अर्ध्या वर्गाला सांगतो ही लग्नाच्या सकाळची गोष्ट आहे आणि अर्ध्याला बाहेर नेऊन सांगतो की कुणीतरी गाव सोडून चाललंय. मग दोन्ही गट आपल्याला काय ऐकू आलं ते सांगतात. करून बघा, तुम्ही स्वतः चकित व्हाल.

इंग्रजीचा प्रश्न. माझं सरळ उत्तर असं की ज्यात बोलणंच नाही अशा फिल्म आधी घ्या. टोनी गॅटलिफ यांची 1993 ची 'लाच्चो द्रोम' यासाठी सोनं आहे. रोमा म्हणजे जिप्सी लोकांचा प्रवास, राजस्थानातून निघून इजिप्त, तुर्कस्तान, रुमेनिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, फ्रान्स आणि शेवटी स्पेन, निवेदन नाही, संवाद जवळपास नाहीत, फक्त गाणं, वाजवणं, नाच. गाणारेवाजवणारे खरे त्या त्या ठिकाणचे, पण प्रसंग दिग्दर्शकाने रचलेले आहेत, म्हणजे इतिहासाचा पुरावा म्हणून ती वापरू नका. रुमेनियाच्या भागात एक म्हातारे गृहस्थ व्हायोलिन वाजवतात, गज नाही, घोड्याच्या शेपटीचा एक केस तारेला बांधलाय आणि तो बोटांनी ओढत ओढत असा काही कण्हणारा आवाज काढतात की वर्ग एकदम शांत होतो. तेवढा तुकडा पाचवीलाही दाखवा. स्लोव्हाकियाच्या भागात छळछावणीची खूण हातावर असलेली एक बाई गाते, तो नववीसाठी ठेवा आणि आधी दुसरं महायुद्ध थोडं सांगा. पहिला तुकडा राजस्थानचा आणि शेवटचा स्पेनचा असे पाठोपाठ लावले की मुलं आपणहून टाळ्यांची लय आणि गळ्यातलं ते खरखरीत फिरणं ओळखतात. ज्या फिल्ममध्ये इंग्रजी निवेदन आहे तिथे मी आवाज थांबवून मराठीत दोन वाक्यं सांगतो आणि पुढचं वाजू देतो. सबटायटल वाचायला लावू नका, डोळे खाली गेले की हात दिसत नाहीत.

माझी सगळ्यात लाडकी म्हणाल तर 1999 ची 'गेंगिस ब्लूज'. पॉल पेना नावाचा सॅन फ्रान्सिस्कोतला अंध ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांची एक गाण्याची पद्धत) गायक, रात्री शॉर्टवेव्ह रेडिओ फिरवता फिरवता त्याला एक विचित्र आवाज ऐकू येतो, एकच माणूस एकाच वेळी दोन सूर काढतोय, खाली घरघरता खर्ज आणि वर शिट्टीसारखी चाल. तो आवाज मंगोलियाला लागून असलेल्या, रशियातल्या तुवा नावाच्या प्रदेशाचा. पेना ते गाणं एकट्याने ऐकून ऐकून शिकतो आणि 1995 मध्ये तिथे जाऊन त्यांच्या स्पर्धेत गातो. आता हे फक्त नवल म्हणून दाखवलं तर दोन दिवस मुलं घशातून आवाज काढत फिरतील आणि विसरतील. पण त्याच तासाला खरा तानपुरा वर्गात आणा, ऍप नको, खरा, कुणाकडून तरी मागून आणा. खर्जाची तार एकटी हळू छेडा आणि मुलांना कान जवळ आणायला सांगा, त्यात न लावलेला गंधार ऐकू येतो, आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तो. कुठल्याही नादाच्या पोटात त्याचे वरचे सूर असतातच, पाचवा अंश घेतला की दोन सप्तकं वरचा गंधार मिळतो. तुव्याचा गायक तोंडाची पोकळी आणि जीभ हलवून त्यातला हवा तो सूर मोठा करतो, आणि आपला तानपुरा घोडीवर जवारी काढून, म्हणजे घोडी घासून तिला बारीक बाक देऊन, आणि तारेखाली दोरा सरकवून ते सगळेच सूर खुलवतो. कुठे मंगोलियाची सीमा आणि कुठे मिरज, पण कानाला एकच गोष्ट सापडलीय दोघांच्या. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, तुम्ही त्या बाजूला सहल नेत असाल तर किल्ला एक कमी करा पण तानपुरा करणाऱ्यांची गल्ली दाखवाच, भोपळा कापण्यापासून जवारी लावेपर्यंत. कारागिराने जवारी घासून लावलेला तानपुरा आणि न लावलेला तानपुरा मुलांना पाठोपाठ ऐकवा म्हणून विनंती करा, ते आनंदाने करतात.

वाद्यं कुठून कुठे जातात यासाठी 2008 ची 'थ्रो डाउन युअर हार्ट' घ्या. बेला फ्लेक हा अमेरिकन बँजोवादक आपलं वाद्य घेऊन युगांडा, टांझानिया, गांबिया, माली असा फिरतो, कारण अमेरिकेत ज्याला लोक गोऱ्यांचं वाद्य समजतात त्या बँजोचं मूळ आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांकडे आहे. गांबियात त्याला अकोन्टिंग नावाचं भोपळ्याचं तंतुवाद्य भेटतं, ते बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. हा भाग दाखवून झाला की मी वर्गातल्या पेटीकडे बोट करतो. ही कुठली? मुलं म्हणतात आपली, देवळातली. तर हार्मोनियमचं पेटंट 1842 मध्ये पॅरिसमध्ये घेतलं गेलं, पुढे कलकत्त्यात तिचा पायाने चालवायचा भाता काढून हाताने चालवायचा केला म्हणून ती मांडी घालून बसणाऱ्या आपल्या बैठकीत आली, नाट्यसंगीताने तिला डोक्यावर घेतलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वादनाचं वाद्य केलं, आणि तरी आकाशवाणीवर 1940 ते 1971 तिला बंदी होती, कारण तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे स्वर ठाम बांधलेले. हे ऐकल्यावर नववीच्या मुली वाद घालतात, बंदी बरोबर होती की चूक, आणि वाद घालायला त्यांना मींड म्हणजे काय ते कळावं लागतं, मग त्या ते शिकतात.

आपल्या शास्त्रीय संगीतावरच्या फिल्मबद्दल तुम्ही खास विचारलंय. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेने 1948 पासून केलेलं काम फार मोठं आहे, ती आता एनएफडीसीत म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालीय. एस. एन. एस. शास्त्री यांनी 1970 मध्ये उस्ताद अमीर खाँ यांच्यावर केलेली छोटी फिल्म, गुलजारांनी भीमसेन जोशींवर केलेली, जब्बार पटेलांची कुमार गंधर्वांवरची 'हंस अकेला', या तिन्ही घ्या. भीमसेनजींची दाखवताना अकरा वर्षांचा मुलगा अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड ऐकून गाण्यासाठी घर सोडतो ही गोष्ट मुलांना धरून ठेवते, पण लगेच ती रेकॉर्ड शोधून ऐकवा, नाहीतर घर सोडणं तेवढं लक्षात राहील. मणि कौल यांची 1982 ची 'ध्रुपद', त्याच नावाच्या जुन्या गायनशैलीवरची, ही वेगळ्याच जातीची आहे, दिग्दर्शक स्वतः झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकलेले, त्यामुळे कॅमेरासुद्धा आलापासारखा सावकाश फिरतो, घाई नाही, तुकडे नाहीत, रुद्रवीणेचा एक सूर संपेपर्यंत ते थांबतात. मुलांना जड जाईल असं सगळे म्हणतात. मी आठवीला त्यातली सहा मिनिटं दाखवतो, डोळे मिटून आणि मग उघडून, आणि माझा अनुभव असा की जड शिक्षकांना जातं. पनवेलजवळ पळस्प्याला डागरांचं गुरुकुल आहे हेही सांगा, म्हणजे ही परंपरा कुठेतरी लांब राजवाड्यात होती असं वाटणार नाही. 2018 मध्ये ए. आर. रहमान यांची 'हार्मनी' नावाची मालिका आली, त्यातही रुद्रवीणा घेऊन बहाउद्दीन डागर भेटतात, शिवाय केरळचं मिळावू नावाचं तालवाद्य आणि मणिपूर, सिक्कीमचं संगीत आहे, रहमानचं नाव काढल्यावर मुलं आपोआप सरसावून बसतात. किशोरीताई आमोणकरांवरची अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांची 'भिन्न षड्ज' तुम्ही आधी स्वतः बघा, ती शिक्षकांनी बघायची फिल्म आहे, सुराचा विचार किती खोल करता येतो हे त्यातून कळतं.

आणि शबनम विरमानी यांची 'कोई सुनता है' चुकवू नका. कबीरावरच्या त्यांच्या चार फिल्मपैकी ही कुमारजींच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या वाटेने जाते. क्षयाने आजारी पडून देवासला आलेल्या कुमारजींच्या कानावर माळव्यातले फिरते निर्गुणी गाणारे पडले आणि पुढे ती भजनं त्यांनी बैठकीत आणली. या फिल्ममध्ये शास्त्रीय गाणारे आणि प्रह्लादसिंह टिपानियांसारखे तंबुऱ्यावर गाणारे लोकगायक शेजारी शेजारी येतात. कबीराचं निर्गुणी भजन तंबुऱ्यावर आणि बैठकीत असं दोन्हीकडून ऐकवा आणि विचारा, शब्द कुठे लांबवलाय, ठेका कुठे बदललाय, कुणाच्या गाण्यावर तुम्हाला टाळी धरता येते. हिंदी आहे, मुलांना कळतं. लावणीसाठी 2008 ची 'नटले तुमच्यासाठी' आहे, सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांची, सिनेमातली लावणी आणि खऱ्या संगीतबारीतली, म्हणजे लावणी कलावंतांच्या बैठकीतली लावणी यातला फरक कळतो, पण ती आधी पूर्ण बघून नववीसाठी तुकडा निवडा आणि त्या बायकांबद्दल बोलताना वर्गात एकही हसू येणार नाही अशा आदराने ओळख करून द्या.

इतिहासाच्या मोठ्या मालिका मी वर्गात फार वापरत नाही. केन बर्न्स यांची 2001 ची 'जॅझ' दहा भागांची आहे, लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन हे भाग बघण्यासारखे आहेत, पण 1961 नंतरची चाळीस वर्षं शेवटच्या एका भागात उरकलीत, त्यावरून जाणकारांनी खूप टीका केली. तुम्ही बघा, आणि प्रत्येक फिल्मला असा एक कल असतो हे मनात ठेवा. त्यापेक्षा मुलांना 'समर ऑफ सोल' ची सुरुवात दाखवा. 1969 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या लोकांचा मोठा संगीत महोत्सव झाला, सगळं चित्रित झालं, आणि ती रिळं जवळपास पन्नास वर्षं तशीच पडून राहिली, 2021 मध्ये फिल्म आली आणि पुढच्या वर्षी तिला ऑस्कर मिळालं. त्याच उन्हाळ्यातला वुडस्टॉकचा महोत्सव सगळ्या जगाला माहीत आणि हा नाही. सुरुवातीला स्टीव्ही वंडर, जो आपल्याला पियानो वाजवणारा म्हणून माहीत आहे, तो ड्रम वाजवतो, पुठ्ठा धरून आधी ऐकवा. मग मुलांना विचारा की आपल्या गावात असं काय काय झालं ज्याचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी माळ्यावर पडलंय.

काळाबद्दल एक महत्त्वाचं. आवाज साठवून ठेवता यायला लागला 1877 पासून. भारतात पहिली मोठी रेकॉर्डिंग झाली 1902 मध्ये कलकत्त्यात, त्यात गायिका गौहरजान तीनेक मिनिटांत ख्याल संपवतात, कारण तबकडीत तेवढंच मावायचं, आणि शेवटी स्वतःचं नाव सांगतात. त्याआधीचं काहीही, तानसेन असो की मोझार्ट, फिल्ममध्ये जे ऐकू येतं ते आजच्या माणसाने वाजवलेलं असतं, कितीही जुने कपडे घातलेले असोत. हे मुलांना आधी सांगितलं नाही तर त्यांना वाटतं अकबराच्या दरबारात कॅमेरा होता. बालगंधर्व दाखवायचे असतील तर प्रभातचा 1935 चा 'धर्मात्मा' आहे, त्यात ते एकनाथांच्या भूमिकेत आहेत. ज्यांच्या स्त्रीभूमिकांसाठी लोक रात्र रात्र जागले ते इथे पुरुषवेशात दिसतात, तरी गळा तोच आहे, आणि तो हलताना दिसतो.

विषय कसे लावायचे म्हणाल तर रॉक, पॉप, जॅझ, क्लासिकल अशी कप्प्यांची मांडणी नका करू. संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे सरांनी संगीताच्या ज्या कोटी म्हणजे वर्ग सांगितलेत, आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम, त्या घ्या, आपल्या मुलांना त्या जवळच्या वाटतात आणि जगालाही लागू पडतात. तुव्याचं कशात, हार्लेमचं कशात, गणपतीतलं बेंजो पथक कशात, मुलं ठरवतील, भांडतील, एकच गाणं दोन कोटींत टाकतील, टाकू द्या.

दुसऱ्या सत्रात मुलांना स्वतः फिल्म करायला लावा. मोबाइल पुरतो. गावात भजनी मंडळ आहे, नमन आहे, धनगरांचा ढोल आहे, कुणाची तरी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. नियम मी तीनच देतो. मोबाइल आडवा आणि स्थिर, सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मध्ये न थांबवता. हात, किंवा गाणारी असेल तर चेहरा, सतत दिसला पाहिजे. आणि शेवटी वाजवणाऱ्याने किंवा गाणारीने स्वतःच्या तोंडाने आपलं नाव, गाव, वाद्याचं नाव आणि हे कुणाकडून शिकलो ते सांगायचं. आधी विचारायचं, दाखवू का शाळेत म्हणून, आणि नाही म्हणाले तर चहा पिऊन परत यायचं. वर संगीत जोडायचं नाही, फिल्टर नाही, कापाकापी नाही. एका शाळेत एका मुलीने आजीच्या ओव्या अशा घेतल्या, अकरा मिनिटं, मागे जात्याची घरघर, मध्ये कोंबडा. वर्गात लावल्यावर एक मुलगा म्हणाला, बाई जात्याच्या फेऱ्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, घेतायत. मी मोजून बघितलं, घेत होत्या.

परीक्षा घ्या, पण लेखी नको. कोण कधी जन्मला, फिल्म कुणी काढली, हे विचारू नका. मी वर्षाच्या शेवटी दाखवलेल्या तुकड्यांपैकी दहा निवडतो, प्रत्येकाची वीस सेकंदं, पुठ्ठा धरून, आणि मुलांनी फक्त एवढंच सांगायचं की आत्ता वाजवणाऱ्याचे हात काय करत असतील, आणि शक्यतो ते हवेत करून दाखवायचं. रुमेनियाच्या त्या म्हाताऱ्याचा तुकडा लागला की अख्ख्या वर्गाची बोटं हवेत एक केस ओढायला लागतात. तुम्ही जूनपासून सुरू करणार असाल तर मेमध्ये कळवा, माझ्याकडे कुठल्या फिल्ममधला कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंतचा तुकडा घ्यायचा याची वही आहे, ती फोटो काढून पाठवतो.